रेवदंड्याच्या नावाचा जंत

रेवदंड्याला तिसऱ्यांदा गेले ती रागाच्या भरात, आणि परत आले ती आणखी रागावून. समुद्रकाठच्या गावाहून आलेल्या माणसाकडून माडांचं आणि सूर्यास्ताचं वर्णन ऐकायची लोकांना सवय असते. माड आहेत, सूर्यास्तही आहे, आणि गाव खरोखर सुंदर आहे. पण मला आधी जंतांबद्दल सांगावं लागेल. त्याला इलाज नाही.

मी मुंबईच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि माशांच्या आतड्यांतल्या पट्टकृमींवर संशोधन करते. पाकट नावाचा पसरट, चाबकासारख्या शेपटीचा मासा पुष्कळांनी पाहिला असेल. त्याच्या आतड्यात आतून गोल जिन्यासारखा फिरत जाणारा पडदा असतो. त्या पडद्याच्या घड्यांत हे कृमी राहतात. दिसायला शिजवलेल्या शेवयांचे तुकडे. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र डोकं चार पाकळ्यांच्या फुलासारखं दिसतं आणि प्रत्येक पाकळीवर दुहेरी टोकाच्या आकड्यांची एक जोडी असते. आकड्यांची वळणं, मानेची लांबी, शरीराचे खंड, त्या खंडांतले अवयव, हे सगळं मोजायचं, जगभरच्या जुन्या वर्णनांशी ताडून पाहायचं आणि मग ठरवायचं की हा ओळखीचा की नवा.

रेवदंड्याच्या पाकटात मला एक नवा सापडला. आमच्या सरांची शिस्त अशी की जिथं सापडला त्या जागेचं नाव द्यायचं. म्हणून त्याच्या लॅटिन नावाचा दुसरा भाग ‘रेवदंडेन्सिस’ झाला, म्हणजे रेवदंड्याचा. मला आनंदच झाला होता. ज्या गावानं मला अंगण दिलं, मासे दिले, जेवू घातलं, त्याचं नाव शास्त्रात कायमचं राहणार होतं.

कॉलेजच्या वार्षिकात त्याबद्दल चार ओळी आल्या. त्या कुणी तरी उचलल्या आणि एका दैनिकात बातमी आली, ‘रेवदंड्याच्या मासळीत नवा जंत! खवय्ये सावध!’ हा कृमी माणसाच्या पोटात जगूच शकत नाही, तो आतड्यात असतो आणि आतडं कुणी खात नाही, हे त्यात कुठंच नव्हतं. मी खुलासा लिहून स्वतः त्या कचेरीत नेला. तिथले गृहस्थ हसून म्हणाले, “बाई, खुलासे कोण वाचतं?” सरांना सांगितलं तर तेही हसले. “डिपार्टमेंटचं नाव झालं की!” म्हणाले.

मी रजा टाकली आणि निघाले.

रेवसच्या लाँचवर

भाऊच्या धक्क्यावरून लाँचमध्ये बसताना माझी फॉर्मॅलिनची बाटली कुणाच्या तरी ट्रंकेवर आपटली आणि बुचाशी चिरली. धक्का दिसेनासा झाला तोवर आजूबाजूच्या सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सुक्या बोंबलांच्या गोणीवर निवांत बसलेली एक बाई नाकाला पदर लावून म्हणाली, “काय घान हाय गो ही!” एरवी मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी मी तिच्याशी भांडले. बाटली पदराच्या चिंधीनं बांधून रेवसपर्यंत हातात धरून उभी राहिले. बोटं पांढरी पडली, ती आठवडाभर तशीच होती.

अलिबागच्या स्टँडवर भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ लिहिलेलं होतं. पुढची एस.टी. चौलच्या सुपारीच्या वाड्यांमधून जाते. रस्ता इतका अरुंद की दोन्हीकडची हिरवी सावली गाडीत येते. मी साताऱ्याची. आमच्याकडे माघात रानं पिवळी पडू लागतात आणि पाण्याचा आवाज ऐकायला नदीपर्यंत जावं लागतं. इथं प्रत्येक वाडीत रहाट करकरत असतो आणि पाटाचं पाणी झाडाच्या पायाशी खेळत असतं. मग पोर्तुगीजांच्या पडक्या तटातून रस्ता एकदम गावात शिरतो. त्या दारातून आत गेलं की दर वेळी मला हलकं वाटायचं. या वेळी नाही वाटलं.

हिराबाईचं अंगण

हिराबाई कोळीण आहे. वय असेल पन्नाशीच्या आसपास. खाडीच्या तोंडाशी तिचं कौलारू घर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, त्यात सुकट वाळत घातलेली. नवरा गेल्यापासून दीर पांडू होडी चालवतो आणि विक्री ही करते. आमच्या साताऱ्यात बायका बाजारात जातात त्या खाली मान घालून. घासाघीस पुरुषांनी करायची. इथं मासा किनाऱ्याला लागला की पुरुषाचं काम संपतं. पुढचं सगळं बाईच्या जिभेवर चालतं, आणि हिराबाईची जीभ त्या कोळीवाड्यात पहिल्या नंबरची.

आमचा दोघींचा करार साधा होता. आतडं माझं, मासा तिचा. तिच्या अंगणात बसून मी पाकटं चिरायची, आतडं काढून घ्यायची आणि मासा तिच्या पाटीत टाकायची. काम संपलं की ती मला पाटावर बसवून तांदळाची भाकरी आणि पाकटाचं कालवण वाढायची. पहिल्या वर्षी मी तो मासा खायला भीत होते. आता घरी आईला सांगते तेव्हा आई कानांवर हात ठेवते.

या वेळी पाट आला नाही. हिराबाई दारात उभी होती, कमरेवर हात ठेवून.

“आलीस? आता काय राहिलाय? आमच्या गावाचा नाव कनच्या किड्याला देतंस?”

मी पिशवी खाली ठेवली. बातमी इथवर पोचली असेल असं वाटलं होतं, पण त्या बातमीनं इथं काय केलं असेल याची कल्पना नव्हती. पांडूनं होडीच्या कडेवर बसून ते सांगितलं, जाळं सांधता सांधता, वर न बघता. अलिबागच्या बाजारात एक घाऊक व्यापारी आहे, त्याला सगळे नुसतं शेट म्हणतात. बातमी आली त्या दिवशी त्यानं ती बाजारात मोठ्यानं वाचली. दुसऱ्या दिवसापासून रेवदंड्याच्या बायकांची पाकटं आणि मुशी कुणी घेईना. संध्याकाळी मासे नरम पडायला लागले की शेट गावात यायचा आणि उपकार केल्यासारखा मातीमोल भावात सगळं उचलायचा.

“तो घेतो ना पण?” मी म्हटलं. “मग विकतो कुठं?”

“खत करतो म्हनं,” पांडू म्हणाला.

“नाव काढून टाक,” हिराबाई म्हणाली.

“निघत नाही, हिराबाई.”

“तूच दिलास ना?”

“एकदा छापलं की जगभर तेच राहतं. कुणाला लागलं, कुणाचं नुकसान झालं, तरी बदलत नाही. हाच कृमी माझ्याआधी कुणी दुसऱ्या नावानं छापला असेल तरच माझं नाव पुसलं जातं.”

“मंग शोध की.”

“सगळं शोधून झालंय. तसं कुणी छापलेलं नाही.”

“साताऱ्याचा नाव का न्हाय दिलास?”

“साताऱ्याला समुद्र नाही.”

“मंग तुझा सोताचा द्यायचा.”

“स्वतःचं नाव स्वतः द्यायची रीत नाही.”

“व्हय,” ती म्हणाली. “आपल्याला नको. दुसऱ्याला चालतंय.”

मी आले होते ती त्या दैनिकावर चिडून, सरांवर चिडून, आपण दोघी मिळून चिडू अशा काहीशा अपेक्षेनं. तिनं मला त्यांच्याच रांगेत उभं केलं होतं. आणि सगळ्यात राग याचा की तिचं म्हणणं खरं होतं.

तरी सकाळी होड्या लागल्या तेव्हा तिनं पाकटं माझ्यापुढं आणून टाकली. “काप. घेनार तर कुनी न्हायच.” समोर कोर्लईचा डोंगर उन्हात निळा दिसत होता, खाडीत तर, म्हणजे माणसं नेणारी होडी, पलीकडे निघाली होती, आणि मी दगडावर बसून मासे चिरत होते. माझा छेद शाळेत शिकल्यासारखा असतो. पोटाच्या मधोमध सरळ रेघ आणि वर आडवी एक, इंग्रजी टी अक्षरासारखी. कोळणी कोयत्यानं कडेला एक झटका देतात आणि बोटांनी आतडं ओढून काढतात. हिराबाई माझ्या छेदाला नेहमी हसायची, “सदऱ्याला बटनं लावतंस काय?” त्या दिवशी हसली नाही.

अलिबागचा बाजार

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर अलिबागला गेले. तिनं नको म्हटलं होतं. आदल्या दिवशीची पाकटं संध्याकाळी शेटनं नेली होती. आज तिच्या पाटीत नुसते मांदेली आणि बोंबील होते.

बाजारात शिरले आणि पहिल्याच मोठ्या फळीवर मला माझे मासे दिसले.

चूक होणं शक्य नव्हतं. पाच-सहा पाकटं बर्फावर उताणी ठेवलेली, आणि प्रत्येकाच्या पोटावर तो टी. फळीवरचा माणूस ओरडत होता, “थळची पाकटं! ताजी, थळची!” गिऱ्हाइकं घेत होती. चांगल्या भावानं घेत होती.

मी गर्दीत घुसले आणि ओरडले, “हे मासे थळचे नाहीत! हे रेवदंड्याचे आहेत, काल मी माझ्या हातानं चिरलेत! या बाईकडून मातीमोल घेतले आणि इथं दुसऱ्या गावाच्या नावानं विकताय!”

शेट मागं गादीवर बसला होता. पांढरी टोपी, नीट इस्त्रीचा सदरा, चेहरा शांत. तो उठलासुद्धा नाही.

“बाई, किड्याला नाव तुम्ही दिलंत,” तो म्हणाला. “माशाला मी देतो. तुमचा-आमचा धंदा नावाचाच.”

लोक हसले. मी काही बोलायच्या आत एका गृहस्थानं पिशवीतलं पाकट काढून फळीवर परत टाकलं. “म्हणजे ही रेवदंड्याची? ती जंतवाली? मग नको बुवा.” त्याच्यामागं दुसरा. तिसऱ्या बाईनं तर हिराबाईच्या पाटीकडे बोट दाखवलं, “तिचं काहीच घेऊ नका.” मांदेलीत कुठले जंत! पण हिराबाईच्या पुढ्यातली गिऱ्हाइकं बघता बघता उठून गेली.

मग मी भाषण केलं. दुसरा शब्द नाही त्याला. कृमी आतड्यात असतो, आतडं टाकून देतात, मासा मेला की थोड्या वेळानं तोही मरतो, माणसाच्या पोटात तो राहूच शकत नाही, आणि असे कृमी रेवदंड्याच्याच नाही, सगळ्या किनाऱ्याच्या पाकटांत असतात. घसा बसेपर्यंत बोलले. लोक ऐकत होते ते मजा म्हणून. त्यांच्या कानात एकच शब्द शिरत होता, जंत. जितक्या वेळा मी तो उच्चारला, तितकी गर्दी मागं सरकली.

हिराबाईनं माझा दंड धरला आणि मला बाहेर ओढलं.

“तू बोलू नको,” ती म्हणाली. “तू बोललीस का आमचा म्हावरा नासतो.”

स्टँडजवळच्या एका झाडाखाली आम्ही बसलो. तिनं फडक्यातून भाकरी काढली, एक पांढरा कांदा मुठीनं फोडला, अर्धा माझ्यापुढं ठेवला. अलिबागचा हा कांदा गोड असतो, डोळ्यांना पाणी आणत नाही. माझ्या डोळ्यांना आलं. रागानं आलं. इतक्या वर्षांत मी एकही गोष्ट खोटी लिहिली नव्हती, आणि माझ्या खऱ्या बोलण्यानं या बाईची पाटी भरलेलीच परत चालली होती.

तिनं आपला अर्धा कांदा संपवला. मग म्हणाली, “तू बोललीस ता खरा हाय? थळच्या पाकटात पन तोच किडा हाय?”

“असणारच. मी थळची कधी चिरली नाहीत, पण मासे काय, एकाच पाण्यात फिरतात.”

“आनि शेट जो खरोखर थळचा माल घेतो, त्यात?”

“त्यातही असेल.”

“दाखवशील?”

मला तिचा डाव कळला आणि मी घाबरले. “हिराबाई, लोकांसमोर थळची पाकटं चिरली तर तिथल्या बायकांचंही हेच होईल. सगळ्याच किनाऱ्याचा धंदा बसेल.”

“माझी थोरली लेक थळला दिलीय,” ती म्हणाली. “तिच्या पोटावर मी पाय देईन? पन शेटाला कुठं ठाव हाय, का मी देनार न्हाय?”

शेटची फळी

सकाळी बाजार उघडायच्या आत आम्ही गेलो. फळ्या धुतल्या जात होत्या, बर्फ फोडत होते, गिऱ्हाईक एकही नव्हतं. थळहून आलेल्या पाट्या शेटच्या फळीवर नुकत्याच उतरल्या होत्या. हिराबाईनं त्यातलं एक मोठं पाकट रोख विकत घेतलं आणि त्याच्याच फळीवर, त्याच्यासमोर, उताणं टाकलं.

“काप,” ती मला म्हणाली.

मी कापलं. आतडं काढून लांबीनं उघडलं, पडद्याच्या घड्या मिठाच्या पाण्यात हलकेच धुतल्या आणि काचेच्या बशीत ओतल्या. सकाळच्या उजेडात ते पांढरे दोरे हळूहळू आखडत, लांबत होते. मी भिंग पुढं केलं. शेटनं वाकून पाहिलं आणि टोपी सावरली.

“हाच तो?”

“आकडे मोजून मुंबईत नक्की सांगेन. पण मला शंका नाही,” मी म्हटलं.

हिराबाई पदर खोचून उभी राहिली. “ऐक शेट. ही बाय पंधरा दिवस हितंच हाय. तिला काम काय, तर पाकटं कापनं. उद्यापासून भर बाजारात, तुझ्या फळीसमोर बसंल. थळचा, मुरूडचा, जो माल तू आनशील, तो सगला कापंल. आनि बशी सगल्यांना दाखवंल.”

पंधरा दिवस! माझी रजा परवा संपत होती. मी तोंड बंद ठेवलं.

शेटनं बशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरची ती कालची शांती पहिल्यांदा हलली.

“काय पाहिजे तुला?”

“आमचा म्हावरा आमच्या गावाच्या नावानं विक. आनि भाव थळचा दे, समद्या बायांना. कुनी जंत बोलला तर तूच सांग, का ता काय न्हाय. तू सांगितलास का लोक ऐकतात. बातमी पन तूच वाचलीस ना?”

तो कबूल झाला. इतक्या सहज झाला की माझाच विश्वास बसेना. थोड्या वेळानं बाजार भरला आणि मी माझ्या कानांनी ऐकलं. त्याचा माणूस ओरडत होता, “रेवदंड्याची पाकटं! घ्या, घ्या!” आणि कुणी कुरकुरलं की शेट गादीवरून हात हलवून म्हणत होता, “अहो, पेपरवाले काहीही छापतात. मी स्वतः तपासून घेतलाय माल.” तेवढ्यावर लोक घेत होते. कालचा तो पिशवी रिकामी करणारा गृहस्थसुद्धा.

मी बशी आवरत असताना शेट माझ्याजवळ आला. अगदी आदरानं म्हणाला, “बाई, आधीच सांगायचंत ना, की हे सगळ्यांत असतं.”

“काल घसा फुटेस्तोवर तेच सांगत होते मी!”

“काल तुम्ही लोकांना सांगत होतात,” तो म्हणाला.

ती बशी त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर रिकामी करावी असं मला वाटलं. केली नाही, कारण बशीत आकड्यांच्या कृमींबरोबर एक वेगळाच दिसत होता. आकडे नसलेला, लांबलचक मानेचा. मी त्याला ब्रशनं उचलून वेगळ्या बाटलीत सोडला.

हिराबाईची पाटी त्या दिवशी दुपारच्या आत रिकामी झाली. परतताना एस.टी.त ती खिडकीशी बसली होती, मी शेजारी. चौल मागं पडलं. मी म्हटलं, “जमलं शेवटी.”

“जमला,” ती म्हणाली. “पन नाव हायच ना तिथं, तुझ्या बुकात?”

“आहे.”

“मंग पुना कवातरी कुनी वाचंल.”

घरी गेल्यावर तिनं पाट मांडला. कालवण वाढलं, माशाचा चांगला तुकडा माझ्याच ताटात टाकला. मी खाल्लं. पण माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही विचारलं नाही.

मुंबई

दोन महिने मी त्या बाटल्यांवर काम केलं. थळच्या पाकटातला आकड्यांचा कृमी तोच निघाला, केसाचाही फरक नव्हता. मी तसं सविस्तर लिहिलं, की हा कृमी एका गावाचा नाही, सगळ्या किनाऱ्याचा आहे आणि माणसाला निरुपद्रवी आहे. छापूनही आलं. कुठल्याही दैनिकानं ते उचललं नाही.

लांब मानेचा मात्र खरोखरच नवा ठरला. सर खूश झाले. बाटली उजेडाकडे धरून म्हणाले, “छान! अलिबागच्या बाजारात मिळाला ना? मग अलिबागचंच नाव देऊ. लिहा.”

“नाही,” मी म्हटलं.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांना नाही म्हणायची आमच्या खोलीत पद्धत नव्हती. हिराबाईच्या दिराचं, लेकीचं, पाटीचं सगळं मी त्यांना सांगितलं, आवाज चढवूनच सांगितलं. शेजारच्या खोलीतला शिपाई दारात येऊन उभा राहिला.

“अहो, पण ही पद्धत आहे,” सर म्हणाले. “जगभर चालते. गावांना मान असतो तो.”

“गावाला विचारून दिलेला नाही.”

“मग काय नाव देणार तुम्ही?”

“त्याची मान लांब आहे,” मी म्हटलं. “तेवढंच लिहायचं.”

सरांना ते फारच कोरडं वाटलं. तसं ते आहेच. पण मी लॅटिनमध्ये ‘लांब मानेचा’ असं लिहिलं, कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि त्यांनी सही करेपर्यंत तिथून हलले नाही.